आधी टेस्ट रिग, मग गुडघा: उद्यमबागच्या कारखानदारांना आणि अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांना खुले पत्र

प्रति,
उद्यमबाग, मच्छे आणि हत्तरगी परिसरातील मशीन शॉप व हायड्रॉलिक्स कारखान्यांचे मालक, तसेच बेळगाव जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे मेकॅनिकल विभागातील प्राध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार.

गुडघ्यावरून पाय गेलेल्या माणसासाठी स्वस्त कृत्रिम गुडघा बनवणे हा अंतिम वर्षाच्या प्रकल्पांचा आवडता विषय झाला आहे. त्यामागची कळकळ आम्हाला मनापासून पटते. पण मोटर आणि सेन्सर लावलेला गुडघा टेबलावर वाकला, फोटो निघाला, की काम झाले असे होते. तो गुडघा किती भार सोसतो, कुठल्या क्षणी दगा देतो, पावसाळ्यानंतर त्याचे काय होते, याचा एक आकडाही अहवालात नसतो. म्हणून आमची विनंती अशी की नवा गुडघा घडवायला घेण्याआधी, सगळ्यांना वापरता येईल अशी एक सामाईक टेस्ट रिग, म्हणजे गुडघा तपासण्याचे यंत्र, बेळगावात उभी करा. त्यासाठी लागणारे सिलिंडर, व्हॉल्व्ह, व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन) आणि कुशल हात उद्यमबागेत आहेत. विमानाचे सुटे भाग करण्याइतकी अचूकता हत्तरगीला आहे. डिझाइनही शून्यापासून करायचे नाही. जयपूर फूट १९६८ पासून देशात आहे, स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी जयपूरच्या संस्थेसाठी केलेला तेलयुक्त नायलॉनचा स्वस्त गुडघा २००९ च्या सुमारास पुढे आला आणि आयआयटी मद्रासने बेंगळुरूच्या मोबिलिटी इंडियाच्या साथीने 'कदम' हा देशी पॉलिसेंट्रिक (वाकताना फिरण्याचे केंद्र सरकणारा) गुडघा २०२२ मध्ये आणला. आपल्याकडे राहिली आहे ती तपासणीची सोय.

आधी गुडघा दगा का देतो ते पाहू. चालताना साधारण ६० टक्के वेळ पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के वेळ हवेत. टाच टेकल्यावर जमिनीकडून येणाऱ्या बलाची रेषा गुडघ्याच्या आसाच्या पुढून गेली तर गुडघा सरळ राहतो आणि मागून गेली तर वाकू लागतो. ७० किलोच्या माणसाच्या पायाखाली या क्षणी वजनाच्या सुमारे १.२ पट, म्हणजे ८२० न्यूटनच्या आसपास बल असते. रेषा आसाच्या फक्त ३० मिलिमीटर मागे गेली तरी गुडघ्यावर जवळजवळ २५ न्यूटन-मीटरचा वाकवणारा घुमाव येतो. तो थोपवायला त्या माणसाकडे मांडीचा उरलेला भाग (स्टंप) आणि नितंबाचे स्नायू एवढेच असतात. स्टंप आखूड असेल तर तरफही आखूड. म्हणून स्थिरता ही गुडघ्याची एकट्याची गोष्ट नाही. सॉकेट (स्टंप ज्यात बसतो तो साचा), अलाइनमेंट (पायाच्या भागांची एका रेषेतली जुळणी), पावलाची टाच किती मऊ आहे, माणसाची ताकद किती आहे, हे सगळे त्यात येते. टाच फार कडक असली तर टेकताक्षणी नडगी पुढे ढकलली जाते आणि उत्तम गुडघाही वाकतो.

फोर-बार, म्हणजे चार लिंकांनी जोडलेल्या, गुडघ्याचा खरा फायदा इथे आहे. पुढची आणि मागची लिंक ज्या रेषांवर आहेत त्या वाढवल्या की जिथे छेदतात ते त्या क्षणाचे फिरण्याचे केंद्र. पाय सरळ असताना हे केंद्र प्रत्यक्ष गुडघ्याच्या बरेच वर आणि मागे ठेवता येते. वर असल्यामुळे माणसाला नितंबाच्या थोड्या ताकदीने गुडघा सावरता येतो आणि मागे असल्यामुळे बलाची रेषा सहजी केंद्राच्या मागे जात नाही. गुडघा वाकत गेला की केंद्र खाली उतरते. हवेतून पाय पुढे येताना नडगीची परिणामी लांबी कमी होते, त्यामुळे चवडा घासत नाही. निरोगी चालीतही चवडा आणि जमीन यांतले सर्वांत कमी अंतर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच असते. खानापूर तालुक्यातल्या दगडगोट्यांच्या पायवाटेवर हा एक सेंटिमीटर फार मोलाचा.

पण हाच फायदा घडणीत कसा हातातून जातो ते नीट पाहा, कारण कागदावर चांगले दिसणारे बहुतेक गुडघे याच जागी बिघडतात. समजा लिंक ५० मिलिमीटर लांब आहेत, त्यांच्या पिनांत ३० मिलिमीटरचे अंतर आहे आणि दोन लिंकांच्या रेषांत १० अंशांचा कोन आहे. मग केंद्र सुमारे १७० मिलिमीटर वर येते. आता एका छिद्राची जागा ०.९ मिलिमीटर चुकली तर कोन एक अंशाने बदलतो आणि केंद्र १७० ऐवजी १५४ किंवा १८९ वर जाते. म्हणजे एका मिलिमीटरपेक्षा कमी चुकीला केंद्र १६ ते १९ मिलिमीटर सरकले! डावी लिंक एका सेटिंगमध्ये आणि उजवी दुसऱ्या सेटिंगमध्ये ड्रिल केली तर दोन्ही बाजूंची केंद्रे जुळत नाहीत, गुडघा वाकताना पिळतो आणि बुश (पिनेभोवतीची नळी) एका कडेला झिजते. म्हणून छिद्रांच्या मध्यांतराची मर्यादा ±०.०५ मिलिमीटर ठेवा. मग केंद्राची चूक साधारण एका मिलिमीटरवर येते. जोडीच्या लिंका एकत्र क्लॅम्प करून एकाच फिक्श्चरमध्ये ड्रिल आणि रीम करा. झिजेचा परिणामही अगदी असाच होतो. नवा असताना स्थिर असलेला गुडघा वर्षभराने 'सुटतो' तेव्हा आधी पिना तपासा.

पिन आणि बुशबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण प्रकल्पांत हा भाग हमखास कच्चा असतो. १० मिलिमीटरच्या पिनेला एच७/जी६ फिट (छिद्र आणि पिन यांच्या मापांची प्रमाणित जोडी) दिली तर मोकळीक ५ ते २९ मायक्रॉन राहते. ही ठीक आहे. बुश साध्या नायलॉन-६ चा केला तर इथल्या पावसात अडचण होते. पूर्ण भिजलेला नायलॉन-६ वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी पितो आणि फुगतो. बुशची भिंत २ मिलिमीटर असेल आणि ती दोनच टक्के फुगली, तर बाहेरून घरात घट्ट बसलेला बुश आतल्या बाजूला ०.०८ मिलिमीटरने आकसतो. मोकळीक संपते आणि गुडघा जॅम होतो. जॅम झालेला गुडघा हवेत वाकत नाही, चवडा अडकतो आणि माणूस तोंडावर पडतो. त्यापेक्षा पीओएम घ्या, बाजारात ते ॲसिटल किंवा डेलरिन म्हणून मिळते. ते एक टक्क्याच्या आत पाणी घेते. पोलादी पाठीचे पीटीएफई (टेफ्लॉन) बुशही चालतात. कुठलाही घेतला तरी दोन्ही टोकांना सील हवेच. उघड्या सांध्यात ग्रीस भरू नका. ग्रीसमध्ये चिखल मिसळला की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखे काम करतो. पिन ईएन-२४ या मिश्र पोलादाची, कडक केलेली आणि ग्राइंड केलेली असावी, आणि ती लिंकमध्ये फिरणार नाही अशी एका बाजूला अडकवा, म्हणजे झीज बदलता येणाऱ्या बुशवरच होईल. बाजूची हलही मोजा: ४० मिलिमीटर रुंदीच्या सांध्यात ०.३ मिलिमीटर हल असेल तर ४०० मिलिमीटर खाली पावलाशी ती ३ मिलिमीटर होते. चालणाऱ्याला ती लगेच कळते आणि पायावरचा विश्वास उडतो.

मुख्य भागांसाठी ७०७५-टी६ या मजबूत ॲल्युमिनियमची प्लेट किंवा बार घेऊन मशीनिंग करा. बेळगावच्या फाउंड्रींबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, पहिल्या डिझाइनमध्ये ॲल्युमिनियमचे कास्टिंग नको. आतली सच्छिद्रता डोळ्याला दिसत नाही, आणि वारंवार येणाऱ्या भारात तडा तिथूनच जातो. पोलादाप्रमाणे ॲल्युमिनियमला 'याखाली कधीच थकत नाही' अशी सीमा नसते. आतल्या कोपऱ्यांना निदान २ मिलिमीटर त्रिज्या द्या, छिद्रांच्या कडा मोडा, ॲनोडायझिंग करा. पोलादी पिना आणि ॲल्युमिनियम यांच्यात घामाचे किंवा खताचे पाणी साचले की गंज धरतो. गुडघा बाकीच्या पायाला जोडणाऱ्या पिरॅमिड अ‍ॅडॅप्टरचे चार एम-८ सेट स्क्रू १५ न्यूटन-मीटरला टॉर्क रेंचनेच आवळायचे, थ्रेडलॉकर लावून. हाताच्या अंदाजाने आवळलेला स्क्रू सैल होतो आणि अलाइनमेंट नकळत बदलते. दोष मात्र गुडघ्याच्या माथी येतो.

आता रिगकडे येऊ. आयएसओ १०३२८ हे मानक यासाठी आहे. त्यात वजनाप्रमाणे पातळ्या आहेत: पी-३ म्हणजे ६० किलो, पी-४ म्हणजे ८०, पी-५ म्हणजे १०० किलो. आपल्या भागासाठी पी-५ धरावी असे आमचे ठाम मत आहे. ६५ किलोचा शेतकरी डोक्यावर २५ किलोचा गवताचा भारा घेतो तेव्हा गुडघ्यावर ९० किलो येतात. पी-४ तिथे संपली. पी-५ मध्ये आवर्ती चाचणी पहिल्या स्थितीत ५० ते १,३३० न्यूटन आणि दुसऱ्या स्थितीत ५० ते १,२०० न्यूटन, तीस लाख आवर्तने. पहिली स्थिती टाच टेकल्यानंतरच्या भाराची, दुसरी चवड्यावरून पाय उचलण्याआधीच्या भाराची. रोज कृत्रिम पायाची ३,००० पावले धरली तर तीस लाख म्हणजे तीन वर्षेसुद्धा भरत नाहीत, तेव्हा ही संख्या जास्त आहे असे म्हणू नका. सेकंदाला एक आवर्तन दिले तर अखंड ३५ दिवस लागतात.

यंत्र साधे आहे. ५ बार हवेवर ६३ मिलिमीटर बोअरचा सिलिंडर सुमारे १,५५० न्यूटन देतो, आवर्ती चाचणीला तो पुरतो. प्रूफ चाचणीला, म्हणजे एकदाच मोठा भार देऊन पाहण्याला, पहिल्या स्थितीत २,२४० न्यूटन ३० सेकंद धरावे लागतात. तिथे ६ बारवर ८० मिलिमीटरचा सिलिंडर लागेल, किंवा सरळ हायड्रॉलिक घ्या: ४० मिलिमीटर बोअर, ४० बार, ५,००० न्यूटन. एवढ्यात मोडेपर्यंतची स्थिर चाचणीही होते. बल प्रेशर गेजवरून काढू नका. सीलचे घर्षण त्यात मिसळते. सिलिंडर आणि नमुना यांच्यामध्ये ५ किलोन्यूटनचा लोड सेल (बल मोजणारा सेन्सर) बसवा आणि तो कॅलिब्रेट करून घ्या. वरच्या-खालच्या टोकांचे भाररेषेपासूनचे ऑफसेट मानकातल्या तक्त्याप्रमाणे अगदी मिलिमीटरपर्यंत तेच ठेवा. ऑफसेट बदलला की चाचणीच दुसरी होते. पीएलसीचा (यंत्र चालवणाऱ्या नियंत्रकाचा) काउंटर लाइट गेली तरी आकडा विसरणार नाही असा निवडा. नमुना ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त दबला की मशीन आपोआप थांबले पाहिजे, नाहीतर तडा कुठून सुरू झाला ते कळायच्या आत तुकडे होतात. प्रत्येक स्थितीला निदान दोन नमुने लावा. पूर्ण वाकलेल्या गुडघ्याची आणि लॉकची स्वतंत्र चाचणीही याच मानकात आहे. बहुतेक जण ती सोडून देतात, आणि आपल्याकडे तर देवळात, शेतात, जेवताना माणूस गुडघा पूर्ण मोडून बसतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. मानकाच्या दोन्ही मुख्य स्थितींत भाररेषा गुडघ्याच्या पुढून जाते, म्हणजे गुडघा सरळच राहतो आणि मार बसतो तो सरळ होण्याच्या स्टॉपवर. गुडघा मोडणार नाही एवढेच त्यातून सिद्ध होते. माणूस पडणार नाही हे त्यातून कळत नाही. त्यासाठी दुसरा, अगदी स्वस्त सांगाडा लागतो. गुडघा पाइपांसह उभा धरा, वरून ४० किलोचे सुटे वजन लावा आणि लीड स्क्रूवरच्या स्लाइडने भाररेषा एकेक मिलिमीटर मागे न्या. गुडघा ज्या अंतरावर दुमडतो तो आकडा लिहा. हेच गुडघा ५ अंश वाकवून करा, आणि पावलाखाली ५ व १० अंशांच्या उताराच्या पाचरी ठेवून करा. सांगाड्याभोवती जाळी हवी, वजन सुटते तेव्हा हात चिरडतो. नव्या गुडघ्याचा आकडा आणि लाखभर आवर्तनांनंतरचा आकडा शेजारी ठेवले की झीज स्थिरतेला किती खाते ते उघड दिसते. वजनावर चालणारा ब्रेक असलेला गुडघा असेल तर तो कोरडा आणि ओला, दोन्ही वेळा तपासा. ओल्या ब्रेकची पकड कमी होते आणि स्क्रू जास्त आवळला तर बसताना गुडघा सुटतच नाही.

तिसरी चाचणी चिखलाची. तिला मानक नाही, पण आपल्याकडे ती वगळून चालणार नाही. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात पावसाळाभर पाय कोरडा राहत नाही आणि भाताच्या लावणीला माणूस पोटरीएवढ्या चिखलात असतो. निपाणी-चिकोडीकडची काळी माती चिकट, खानापूरची तांबडी माती खरखरीत. दोन्ही मातींचा वेगवेगळा राडा करा आणि छोट्या गिअर मोटरने गुडघा ० ते ६० अंश हलवत ठेवा. ६० अंश कारण हवेतून जाताना निरोगी गुडघा साधारण तेवढाच वाकतो. रोजच्या ठरलेल्या आवर्तनांनंतर साध्या पाण्याने धुऊन रात्रभर तसाच ठेवा, गंज आणि फुगणे तेव्हाच दिसते. सकाळी गुडघ्यापासून ३०० मिलिमीटरवर स्प्रिंग काटा अडकवून वाकवायला लागणारे बल मोजा. ते वाढत असेल तर फुगणे किंवा माती, कमी होत असेल तर झीज. पुढे नेणारी स्प्रिंग स्टेनलेसची नसेल तर ती इथेच कळेल.

चालीच्या दर्जाबद्दल थोडक्यात. घर्षणावर चालणारा गुडघा एकाच वेगाला जुळतो. बस पकडायला पाय उचलला की टाच मागे फार वर जाते आणि पाय उशिरा सरळ होतो. स्प्रिंग कडक केली तर तो खटकन आपटतो, स्टॉपचे पॉलियुरेथेन बंपर फुटते आणि हादरा स्टंपला बसतो. वेगाप्रमाणे बदलणारा विरोध हवा असेल तर हायड्रॉलिक डॅम्पर हा मार्ग, आणि तो करण्याची विद्या उद्यमबागेतच आहे. तिथे मन लावा. मायक्रोप्रोसेसरचा गुडघा १९९० च्या दशकापासून जगात आहे, तो वाईट नाही, पण चार्जिंग, पाणी आणि दुरुस्ती यांची सोय गावात होईपर्यंत आपला पहिला गुडघा यांत्रिकच असावा. उतारवयाच्या किंवा कमजोर माणसाला हाताने लावायचा लॉक द्यायला कमीपणा मानू नका. एकाच गुडघ्यात लॉकचा पर्याय ठेवला तर सुरुवातीला लॉकवर आणि पुढे मोकळ्या गुडघ्यावर चालता येईल. मांडी घालून बसण्यासाठी गुडघ्यावर फिरणारा टर्नटेबल बसवायला उंचीत जागा सोडा. ती नंतर काढता येत नाही.

माणसावर चाचणी सगळ्यात शेवटी. रिगवर पी-५ पूर्ण झाल्याशिवाय कुणालाही तो गुडघा घालायला देऊ नये. संस्थेच्या एथिक्स समितीची लेखी परवानगी, वापरणाऱ्याची त्याच्या भाषेतली, म्हणजे मराठीत किंवा कन्नडमध्ये समजावलेली संमती, आणि आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे) नोंदणी असलेला प्रोस्थेटिस्ट (कृत्रिम अवयव बसवणारा तज्ज्ञ), या तिन्हींशिवाय सुरुवात नको. सॉकेटला साधारण ५ अंश पुढे झुकवून, आणि नितंब आखडलेला असेल तर तेवढे अंश त्यात मिळवून अलाइनमेंट करावी. ते न करता गुडघ्याला दोष देऊ नये. शस्त्रक्रियेनंतर स्टंपखाली उशी ठेवल्याने हा आखडलेपणा वाढतो, हे घरच्यांना सांगायला कुणी विसरू नये. आधी पॅरलल बारमध्ये, वर हार्नेस बांधून. मग सपाटीवर तीन मीटरची 'उठा आणि चाला' चाचणी आणि दोन मिनिटांचे चालणे, दोन्ही त्या माणसाच्या नेहमीच्या गुडघ्यावर आणि नव्यावर. मग उतार, मग पायऱ्या: चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी. बांधावरून चालणे सगळ्यात नंतर, दोन्ही बाजूंना माणसे ठेवून. पडणे आणि अडखळणे वेगवेगळे मोजा. अडखळून सावरता आले तर तेही गुडघ्याच्या गुणांतच धरावे.

कामाची वाटणी अशी सुचवतो. एका महाविद्यालयाने जागा, वीज आणि नोंदवही सांभाळावी. भाराची रिग हायड्रॉलिक्सच्या कारखान्यांनी, स्थिरतेचा सांगाडा आणि चिखलाची टाकी विद्यार्थ्यांनी करावी. रिग चालू झाल्यावर पहिला नमुना आपला नवा गुडघा नसावा. बाजारात मिळणारा, आधीच प्रमाणित असलेला गुडघा लावा. तो रिगवर नापास झाला तर चूक रिगमध्ये आहे. त्यानंतरच आपले नमुने. नापास झालेला प्रत्येक तुकडा तारीख आणि आवर्तनांचा आकडा लिहून जपून ठेवा, पुढच्या तुकडीच्या विद्यार्थ्यांना तोच खरा अभ्यास. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय इथेच आहे. तीन वर्षे सलग चालणारा एकच प्रकल्प, दरवर्षी नवे विद्यार्थी पण तीच नोंदवही, अशी व्यवस्था मागून पाहा.

गुडघा पास झाला की त्याच्याबरोबर बुशांचे दोन संच, एक बंपर, एक स्प्रिंग आणि ॲलन की असे पाकीट द्यावे. बेळगावला पाय बसवायला चंदगड, गडहिंग्लज, कागलहूनही माणसे येतात. एक बुश झिजला म्हणून त्यांना मजुरी बुडवून परत यायला लावू नये. पिनांची मापे बाजारात सहज मिळणाऱ्या बुशांचीच ठेवा.

स्थिरतेच्या सांगाड्याची चित्रे, नोंदवहीचा मराठी-कन्नड नमुना आणि माणसावरच्या चाचण्यांसाठी प्रोस्थेटिस्टचा वेळ आम्ही विनामोबदला देऊ. रिगची जागा ठरली की भाररेषेचे ऑफसेट मापून लावण्याच्या दिवशी आम्हाला बोलवा. ते काम आम्ही तुमच्यासोबत उभे राहून करू.

आपले,
बेळगाव सीमाभागात कृत्रिम पाय बसवणारे प्रोस्थेटिस्ट आणि त्यांच्यासोबत काम करणारे मेकॅनिकल अभियंते